हळदीचा चोथा अजून पिवळा कां?

गेल्या हंगामाच्या अखेरीस हळदीचा अर्क काढणाऱ्या एका लहान कारखान्यांत जाण्याचा आम्हांस योग आला. कारखाना कोणाचा व कोठला हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा आहे, व त्या भागांसाठीं कित्येकांनीं सोसायटीचें कर्ज काढलें आहे, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. यंत्रें नवीं होतीं, टाक्या स्वच्छ होत्या, माणसें कष्टाळू दिसलीं. परंतु आवाराच्या मागील बाजूस अर्क काढून झालेल्या चोथ्याचा ढीग पडला होता, तो पिवळाधमक होता. ढीग उचलणाऱ्या बाई आम्हांस म्हणाल्या, "भाऊसाहेब, ह्याला चोथा म्हणायचा का हळद? रोज हात धुवायला अर्धा साबण जातोय बघा."

आमच्या पानाच्या डबींत चुना होता. चिमूटभर चोथा तळहातावर घेऊन, त्यांत थेंबभर पाणी व बोटाच्या टोकाएवढा चुना आम्हीं कालविला. तळहात तत्काळ लाल झाला. हळदीस चुना अथवा खार लागला म्हणजे ती लाल होते, व घरोघर कुंकू करण्याची जुनी रीत यावरच चालत आली आहे, हें आपल्या घरच्या बायकांना ठाऊक आहे. तेव्हां चोथ्यांत रंग शिल्लक आहे हें कळण्यास प्रयोगशाळेची गरज पडली नाहीं. व्यवस्थापकांस विचारलें, तर ते म्हणाले, "आम्ही एकदां भिजवतों, एकदां धुतों. आणखी स्पिरिट आणायचें कोठून? आतां मोठी टाकी घेण्याचा विचार चालला आहे."

आमचें मत असें आहे कीं, मोठ्या टाकीची तूर्त गरज नाहीं. गरज आहे ती धुण्याची रीत सुधारण्याची. जेवढें स्पिरिट आज खर्चीं पडतें तेवढ्यांतच, किंबहुना त्याहून कमींत, आज ढिगावर जाणारा बराचसा रंग हातीं येऊं शकतो. आम्ही रसायनशास्त्रज्ञ नव्हे. आमची हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. पण बाकी कोठें व किती राहिली हें शोधण्याची संवय त्या चाकरीनें लावली, आणि हा प्रश्न मुख्यतः बाकीचाच आहे.

प्रथम हळदींत काय असतें तें पाहूं. वाळलेल्या हळकुंडाचा मोठा भाग म्हणजे पिष्ट व तंतु. त्यांत थोडें सुगंधी तेल, थोडी राळ, आणि कर्क्युमिन नांवाचें पिवळें रंगद्रव्य असतें. कर्क्युमिनचें प्रमाण जातीप्रमाणें व जमिनीप्रमाणें बदलतें, तरी शेंकडा २ पासून ५-६ पर्यंत धरावयास हरकत नाहीं. हें द्रव्य १८१५ सालीं व्होगेल व पेलेटिए या दोन शास्त्रज्ञांनीं प्रथम वेगळें काढलें, व त्याची घटना १९१० सालीं निश्चित झाली. तें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, मद्यार्कांत विरघळतें. म्हणूनच हळदीची पूड पाण्यांत घातली तर खालीं गाळ बसतो, आणि स्पिरिटांत घातली तर स्पिरिट केशरी होतें. ॲसिटोन, इथिल ॲसिटेट वगैरे दुसरे द्रवही यासाठीं वापरतात. परंतु मद्यार्क आपल्याच उसाच्या मळीपासून होतो आणि खाण्याच्या पदार्थांत त्याचें वावडें नाहीं. म्हणून शेतकऱ्यांच्या कारखान्यास तोच जवळचा.

आतां धुण्याचें काम म्हणजे काय? पूड मद्यार्कांत भिजविली, रंग विरघळला, व खालची तोटी उघडून अर्क काढून घेतला. परंतु सर्व अर्क खालीं येत नाहीं. भिजलेल्या कापसांत पाणी राहावें तसा चोथ्यांत अर्क राहतो, व हा राहिलेला अर्क पहिल्या अर्काइतकाच दाट असतो. तो बाहेर काढण्यासाठीं चोथ्यावर पुन्हां स्वच्छ मद्यार्क घालणें म्हणजे चोथा धुणें. जी पिवळी बाकी आम्हीं पाहिली ती बहुतांशीं या राहिलेल्या अर्काची होती.

एक हिशेब मांडून दाखवितों. तो समजण्यापुरता आहे. प्रत्यक्षांत सगळा रंग एकाच भिजवणींत सुटत नाहीं व आंकडे थोडे सरकतील, परंतु तत्त्व बदलणार नाहीं. समजा, १०० किलो पूड ४०० लिटर मद्यार्कांत भिजविली. शेंकडा ३ प्रमाणें तींत ३ किलो कर्क्युमिन आहे. अर्क काढून घेतला तेव्हां ३०० लिटर खालीं आला व १०० लिटर चोथ्यांत राहिला. म्हणजे ३ किलोंपैकीं पाऊण किलो रंग चोथ्यांत अडकला. ही बाकी वसूल करण्यास आपल्याजवळ ३०० लिटर स्वच्छ मद्यार्क आहे. तो कसा वापरावा?

पहिली रीत, सगळा एकदम ओतावा, ढवळावें व काढून घ्यावा. आंतला १०० व वरचा ३०० मिळून ४०० लिटर होतात. त्यांतले १०० पुन्हां चोथ्यांत राहतात. म्हणजे बाकीचा चौथा हिस्सा, सुमारें १८७ ग्रॅम, तसाच गेला. दुसरी रीत, तेच ३०० लिटर शंभर शंभरांच्या तीन खेपांनीं घालावे. प्रत्येक खेपेस बाकी निम्मी होते. तीन खेपांअंतीं आठवा हिस्सा, म्हणजे सुमारें ९४ ग्रॅम राहते. तेच ३०० लिटर पन्नास पन्नासांच्या सहा खेपांनीं घातले तर बाकी अकराव्या हिश्शाच्या जवळ येते, म्हणजे ६५-६६ ग्रॅम. मद्यार्क तेवढाच, टाकी तीच, चोथा तोच. बदलली ती फक्त खेपांची वांटणी. यांत चमत्कार कांहीं नाहीं. काकवीचें भांडें घरांत धुतांना शहाणी बाई घागरभर पाणी एकदम ओतीत नाहीं. ती तांब्या-तांब्यानें तीनदां खंगाळते, व पहिलें गोड पाणी जनावराच्या आंबोणांत घालते. कृष्णाकांठच्या खारवट झालेल्या जमिनी धुतांनाही, चर काढून पाणी एकसारखें तुंबवून ठेवण्यापेक्षां तें पाळीपाळीनें देऊन निचरूं दिलें तर कमी पाण्यांत अधिक मीठ जातें. हाच न्याय येथेंही लागूं होतो.

तरी यांत एक अडचण उरते. खेपा वाढविल्या तरी ३०० लिटर मद्यार्क खर्ची पडतोच, व शेवटच्या खेपांचें धुवण इतकें पातळ असतें कीं त्यांतून चिमूटभर रंग मिळविण्यासाठीं पिंपभर मद्यार्क उकळावा लागतो. यावरचा तोड साखरधंद्यानें फार पूर्वींच शोधून ठेवला आहे. मोराव्हिया प्रांतांत जूलियस रॉबर्ट याने १८६४ सालीं बीटची साखर काढण्यासाठीं भांड्यांची रांग बसविली. ताजें पाणी सर्वांत निःसत्त्व झालेल्या कापांवर सोडावयाचें, तेथून निघालेलें पाणी त्याच्या आधींच्या भांड्यांत, तेथून आणखी आधींच्या, व शेवटीं अगदीं ताज्या कापांवर, अशी त्याची रीत होती. माल एका दिशेनें पुढें जातो, पाणी उलट दिशेनें मागें येतें. आपल्या उसाच्या कारखान्यांतही हेंच चालतें. शेवटच्या मिलच्या आधीं चिपाडावर पाणी सोडतात, व तेथें निघालेला पातळ रस आधींच्या मिलच्या चिपाडावर नेऊन घालतात. ऊस घालावयास गेलेल्या पुष्कळांनीं हें डोळ्यांनीं पाहिलें असेल. जी युक्ति उसाच्या चिपाडास चालते ती हळदीच्या चोथ्यास कां चालूं नये?

तीन भांडीं घ्या. पहिल्यांत नुकताच अर्क काढलेला चोथा, दुसऱ्यांत एकदां धुतलेला, तिसऱ्यांत दोनदां धुतलेला. स्वच्छ मद्यार्क फक्त तिसऱ्यावर घालावा. तिसऱ्याचें धुवण दुसऱ्यावर, दुसऱ्याचें पहिल्यावर, आणि पहिल्याचें धुवण पुढील ताज्या पुडीच्या भिजवणीस घ्यावें. तिसऱ्यांतील चोथा मग बाहेर जातो, व त्या रिकाम्या भांड्यांत नवी पूड येते. भांडीं हलवावीं लागत नाहींत, फक्त तोट्या फिरवून अनुक्रम बदलावा लागतो. ही चाल एकदां बसली म्हणजे हिशेब असा येतो. दर खेपेस केवळ १०० लिटर स्वच्छ मद्यार्क घातला तरी शेवटीं बाकी चौथा हिस्सा राहते, म्हणजे ३०० लिटर एकदम ओतून जें साधत होतें तें १०० लिटरांत साधतें. २०० लिटर घातला तर बाकी पंधरावा हिस्सा, अवघी ५० ग्रॅम. शिवाय निघणारें धुवण दाट असतें. १०० लिटरच्या चालींत तें पहिल्या अर्काच्या पाऊणपट दाट येतें, तर एकदम ओतलेल्या ३०० लिटरांचें पावपट. दाट धुवण म्हणजे कमी उकळणी, कमी जळण, कमी वेळ, व उकळतांना उडून जाणारा मद्यार्कही कमी. २०० लिटर मद्यार्क वजनानें सुमारें १६० किलो भरतो, व तो वाफ होऊन जाण्यास तीस-पस्तीस हजार किलोकॅलरी उष्णता लागते. ही उष्णता फुकट मिळत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "एवढी यातायात करण्यापेक्षां पूड मद्यार्कांत दोन दिवस भिजत ठेवली तर काय वाईट?" त्यास आमचें उत्तर असें कीं, भिजविणें व धुणें हीं दोन निराळीं कामें आहेत. भिजवण्यानें रंग कणांतून बाहेर येतो. परंतु बाहेर आलेला रंग चोथ्यांतल्या द्रवांतच राहतो. भिजवण कितीही लांबविली तरी, आंत व बाहेर दाटपणा सारखा झाला कीं पुढें कांहीं घडत नाहीं. जर्मन रसायनज्ञ सॉक्सलेट यानें १८७९ सालीं जें कांचेचें उपकरण काढलें, व जें आजही प्रत्येक प्रयोगशाळेंत दिसतें, त्याचें सारें मर्म हेंच कीं त्यांत माल पुन्हां पुन्हां ताज्या द्रवानें धुतला जातो.

आतां प्रत्यक्ष कामांतील कांहीं गोष्टी सांगावयाच्या. त्यांपैकीं पहिली दळण्याची. पूड मैद्यासारखी बारीक केली म्हणजे रंग लवकर सुटेल अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी. फार बारीक पुडींतून द्रव झिरपत नाहीं, थर दडपून बसतो, व मद्यार्क मिळेल त्या फटीनें खालीं धांवतो. ज्या वाटेनें तो गेला तेवढा पट्टा धुतला जातो, बाकीचा कोरडाच्या कोरडा. म्हणून पूड रव्यासारखी, एकसारखी असावी. भुगा वेगळा चाळून काढावा. दुसरी गोष्ट, पूड भांड्यांत भरण्यापूर्वींच थोड्या मद्यार्कानें ओलसर करून झांकून ठेवावी. ती फुगावयाची तेवढी बाहेरच फुगते. कोरडी भरून वरून ओतलें तर ती भांड्यांत फुगते व कोठें घट्ट, कोठें सैल होते. तिसरी, धुतांना वरून धबधबा सोडूं नये. भोंकांच्या तबकडीवरून अगर कापडावरून मद्यार्क हळूहळू, सर्वत्र सारखा पसरावा, व खालची तोटी तेवढ्याच वेगानें उघडावी. असें केलें म्हणजे नवा मद्यार्क जुन्या अर्कांत मिसळण्याऐवजीं त्यास खालीं ढकलतो. आम्हीं वर मांडलेला हिशेब ढवळून धुण्याचा आहे. न ढवळतां ढकलून धुणें साधलें तर बाकी त्याहूनही कमी राहते. परंतु थर वेडावांकडा भरला असेल तर ढकलणें साधत नाहीं. तेव्हां ढवळून धुणेंच बरें. चौथी गोष्ट, कोमट मद्यार्कांत रंग थंड मद्यार्कापेक्षां अधिक विरघळतो. म्हणून बंद भांड्यांत, वाफ पुन्हां थंड होऊन खालीं येईल अशा सोयीनें, मद्यार्क ऊन करून धुतला तर लाभ आहे. उघड्या भांड्यांत मात्र तो कधींही तापवूं नये.

मद्यार्काच्या कसाकडे कारखानदार कमी लक्ष देतात असें आम्हांस दिसून आलें. ताजें रेक्टिफाइड स्पिरिट शेंकडा ९५ च्या आसपास कसाचें असतें. परंतु हळकुंडांत ओल असेल तर ती ओल मद्यार्कांत उतरते. दर फेरीस त्याचा कस थोडा थोडा घटत जातो. पाणी वाढलें कीं कर्क्युमिन कमी विरघळतें, आणि साखर व डिंकासारखीं नको तीं द्रव्यें अधिक उतरतात. चोथा लगदा होऊन बसतो व धुणें अडतें. असे चार महिने गेले कीं कारखान्यांत तक्रार सुरू होते, कीं यंत्र पूर्वींसारखें चालत नाहीं. दोष यंत्राचा नसतो. उपाय दोन. हळद कडकडीत वाळवून, ओल शेंकडा १० च्या खालीं आणून घ्यावी. व परत मिळविलेल्या मद्यार्काचा कस दर फेरीस मापून, तो उतरला असेल तर उंच खांबाच्या भट्टींतून पुन्हां ऊर्ध्वपातन करावें. साध्या ऊर्ध्वपातनानें वजनीं शेंकडा ९५.६ च्या वर कस चढत नाहीं. परंतु आपल्या कामास तेवढा पुरे आहे.

पहिली गोष्ट शेतकऱ्याच्या हातची आहे. वाळवणीचें काम कारखान्यावर ढकलूं नये. सांगलीच्या बाजूस हरिपूरच्या पेंवांत हळद वर्षेंच्या वर्षें राहत असे, ती नीट वाळलेली असे म्हणूनच. २००५ सालच्या महापुरानें त्या पेंवांची फार हानि झाली. परंतु ज्या शिस्तीनें माल वाळवून पेंवांत उतरवीत ती शिस्त वाहून जाऊं देण्याचें कारण नाहीं.

अर्क काढून झाल्यावर मद्यार्क उडवून जो दाट रस उरतो त्यास ओलिओरेझिन म्हणतात. त्यांतून कर्क्युमिनचे स्फटिक निराळे काढावयाचे असतील तर तेथेंही धुण्याचाच प्रश्न येतो. स्फटिकांवर तेल व राळ चिकटलेली असते. तीं थंड, ताज्या मद्यार्कानें, थोडथोड्या खेपांनीं धुवावीं. ऊन मद्यार्क घातला तर राळेबरोबर स्फटिकही विरघळून जातात. साखरेच्या दाण्यावरची मळी यंत्रांत फिरवून थोड्या पाण्यानें काढतात, तसेंच हें. हें धुवण टाकून न देतां पुढच्या घाण्यास मिळवावें. युरोपांत अन्नरंग म्हणून विकावयाच्या कर्क्युमिनमध्यें रंगद्रव्य निदान शेंकडा ९० असावें लागतें. तेथपर्यंत पोंचण्याचा रस्ता या शेवटच्या धुण्यांतूनच जातो. भांडीं सोड्यानें घांसलीं असतील तर स्वच्छ पाण्यानें पुरतीं खंगाळावीं. क्षार राहिला तर रंग लाल पडून नासतो. उन्हानेंही तो उडतो, म्हणून माल अंधाऱ्या जागीं ठेवावा.

आतां एक गंभीर गोष्ट. चोथा धुवून झाला तरी त्यांत मद्यार्क राहतोच. तो बंद भांड्यांत वाफ सोडून काढून घेतल्याखेरीज चोथा बाहेर टाकूं नये. आम्हीं पाहिलेल्या ढिगास स्पिरिटाचा वास येत होता, आणि तेथून वीस पावलांवर एक गडी बिडी ओढीत बसला होता. मद्यार्काची वाफ १३ अंश सेल्सियसच्या सुमारासच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे बारमाही. ती हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत सरपटत दूर जाते, व हवेंत शेंकडा ३ पासून १९ पर्यंत मिसळली म्हणजे ठिणगीसरशीं भडका उडतो. यास्तव हें काम घरांत, गोठ्यांत, अगर चुलीच्या जवळपास करण्याचें कोणीही मनांत आणूं नये. विजेच्या मोटारी ठिणगी बाहेर न टाकणाऱ्या असाव्या, टाक्या व नळ जमिनीस तारेनें जोडलेले असावे, व वारा खेळता असावा. धुण्याच्या नव्या रीतींत भांडीं व तोट्या वाढतात. तेव्हां गळतीच्या जागाही वाढतात, हें आम्ही लपवीत नाहीं. ही तिची खरी उणीव आहे, व रोजच्या देखरेखीवांचून तिला दुसरा इलाज नाहीं.

परवान्याविषयींही दोन शब्द सांगणें आमच्या पूर्वीच्या धंद्यास धरून होईल. मद्यार्क बाळगणें, वापरणें व परत मिळविणें हें सारें १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाखालीं येतें. त्यास आतां महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणतात. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय एक पिंपही आवारांत आणूं नये. स्वस्त मिळतें म्हणून विकृत केलेलें स्पिरिट खाण्याच्या मालास वापरणारा तर आपल्या सर्वांच्या तोंडास काळें फांसील. त्यांत मिथेनॉलसारखें विष मिसळलेलें असतें. एका कारखान्याच्या अशा लोभानें साऱ्या जिल्ह्याच्या हळदीचें नांव जाईल. वायगांवच्या हळदीस २०१६ सालीं व सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. तें नांव मिळविण्यास पिढ्या लागल्या, घालविण्यास एक खेप पुरते.

आमचा मुख्य आग्रह मात्र वहीचा आहे. ज्या कारखान्यांत आम्ही गेलों तेथें किती हळद आली व किती अर्क विकला याची नोंद होती. परंतु किती रंग आला व किती रंग चोथ्यांत गेला याची नव्हती. गांवनमुन्यांत मागणी लिहिली, वसुली लिहिली, आणि बाकीचा रकानाच सोडून दिला तर जमाबंदीस त्या तलाठ्याची काय गत होईल? कारखान्यानें दर घाण्यास पांच गोष्टी लिहाव्या: पुडीचें वजन व ओल, तींतील कर्क्युमिनचें प्रमाण, घातलेला मद्यार्क व त्याचा कस, परत मिळालेला मद्यार्क व त्याचा कस, आणि बाहेर टाकलेल्या चोथ्यांतील कर्क्युमिन. शेवटची तपासणी रोज होत नसेल तर आठवड्यास एकदां प्रयोगशाळेंतून करवावी. रोजच्या कामास साधी खूण पुरे आहे. प्रत्येक धुवणाचा नमुना एकाच मापाच्या कांचेच्या नळ्यांत भरून ओळीनें ठेवावा. डावीकडून उजवीकडे रंग उतरत गेला पाहिजे. शेवटची नळी पहिलीसारखीच पिवळी दिसली तर धुणें झालेंच नाहीं असें समजावें. चोथ्यावर चुना लावून पाहण्याची आमची युक्तीही आहेच. पण ती बाकी आहे एवढेंच सांगते, किती आहे तें सांगत नाहीं.

या वहीचा लाभ एकट्या कारखान्यास नाहीं. आज आपली हळद वजनावर, रंगावर व हळकुंडाच्या आकारावर विकली जाते. कारखान्याच्या हातीं कर्क्युमिनचा चोख हिशेब आला म्हणजे ज्याच्या शेतांत शेंकडा ४ रंगाची हळद पिकली त्यास शेंकडा अडीचवाल्याहून अधिक भाव देणें शक्य होईल, व भागधारकांनीं तसा आग्रह धरावा. परंतु जोंपर्यंत रंगाचा एक हिस्सा ढिगावर जात आहे, तोंपर्यंत असा भाव देणें कोणत्याही व्यवस्थापकास परवडणार नाहीं. जो रंग शेतकऱ्यानें नऊ महिने पाणी देऊन, खणून, शिजवून, वाळवून, घासून आणला तो शेवटच्या दाराशीं सांडतो, आणि मग तोटा झाला म्हणून त्याच्याच भावांतून कापला जातो. हा अन्याय कोणी मुद्दाम करीत नाहीं. पण वहींत रकाना नाहीं म्हणून तो चालू राहतो.

आपल्या संघाच्या पुढील बैठकींत मोठी टाकी घ्यावी कीं नाहीं हा प्रश्न येणार आहे असें ऐकतों. आमची सूचना अशी कीं, तो एक हंगाम पुढें ढकलावा. त्या हंगामांत आहेत त्याच भांड्यांतून तीन भांडीं उलट क्रमानें जोडून चालवून पाहावीं, वहींत पांच रकाने आंखावे, व हंगामाअखेर जुन्या व नव्या रीतीचा ताळेबंद सभेपुढें मांडावा. नवी रीत तोट्याची ठरली तर टाकी घेण्यास आमची हरकत नाहीं, व आम्ही चुकलों असें याच पानावर लिहूं. परंतु आमचा अदमास असा आहे कीं, त्या वेळीं टाकीची आठवणही कोणास राहणार नाहीं, आणि चोथा उचलणाऱ्या बाईचा अर्धा साबण वांचलेला असेल.